सगळं पाठ आहे, पण ऐकतंय कोण?

एकांकिकेचे संवाद पाठ झाले, हालचाली बसल्या, म्युझिकही ठरलं. तरी प्रवेश काही उभा राहत नाही. अशा वेळी संहिता मिटून तोच प्रवेश स्वतःच्या शब्दांत करून बघितला तर? इम्प्रोव्हायझेशनची तालीम करायची कशी आणि थांबवायची कुठे, त्याविषयी...

कॉलेजचा हॉल. रात्रीचे साडेआठ वाजलेत. वॉचमन काका दोनदा डोकावून गेलेत. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे आणि समोर दोन जण उभे आहेत. एक बाप झालाय, एक मुलगी.

‘उद्या पहाटे ट्रक येणार. सामान बांध.’
‘मी नाही येणार.’
‘उगं डोकं फिरवू नको.’

वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य सुरू. मागून दिग्दर्शक ओरडतो, ‘अरे, इमोशन पाहिजे, इमोशन!’ मग पुढच्या वेळी दोघांचा आवाज वाढतो. इमोशन आहे तिथंच राहतं.

ओळखीचं वाटतंय ना? कुठल्याही कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये एक दिवस बसून बघा, हे दिसतंच. पोरं मेहनत कमी करतात असं नाही. गडबड वेगळीच असते. समोरचा बोलत असताना आपण त्याचं ऐकत नसतो, आपल्या वाक्याची वाट बघत असतो. त्याचा शेवटचा शब्द कानावर पडला की आपण सुटलोच! आता खऱ्या आयुष्यात असं कोण बोलतं? घरी पप्पांना ‘मला हा कोर्स सोडायचाय’ हे सांगायला गेलात, तर तुम्ही आधी त्यांचा मूड बघता. हातातला पेपर खाली ठेवतायत का, ते बघता. अर्धं वाक्य गिळता. तालमीत नेमकं हेच गायब होतं, कारण पुढे काय होणार हे दोघांनाही आधीच माहीत असतं.

हे ‘माहीत असणं’ थोडा वेळ बाजूला ठेवायचा रस्ता म्हणजे इम्प्रोव्हायझेशन. तुमच्या-माझ्या भाषेत इम्प्रो.

इम्प्रो म्हणजे टाइमपास नव्हे

इम्प्रो म्हटलं की अनेकांना कॉमेडी शो आठवतो. प्रेक्षकांनी एक शब्द द्यायचा आणि स्टेजवरच्यांनी त्यावर धमाल उडवायची. तो प्रकार आहेच आणि मस्तही आहे. पण तालमीतला इम्प्रो वेगळा. त्याला प्रेक्षक नसतो आणि त्यात कुणाला हसवायचं नसतं. प्रवेश लिहिलेला असतो, पात्रं ठरलेली असतात. फक्त लिहिलेले शब्द काही मिनिटं वापरायचे नाहीत, एवढंच.

हे काही कालपरवाचं खूळ नाही. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांचं नाव तुम्ही नाट्यशिबिरात ऐकलं असेल. १९३८ मध्ये ते गेले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते नटांना संवाद पाठ करायच्या आधीच प्रवेश स्वतःच्या शब्दांत करून बघायला लावत. आधी घटना अंगात उतरवायची, शब्द नंतर. तिकडे अमेरिकेत शिकागोमध्ये व्हायोला स्पोलिन या बाई स्थलांतरितांच्या वस्तीतल्या मुलांसाठी नाटकाचे खेळ तयार करत होत्या. मुलांना ‘अभिनय करा’ म्हटलं की ती आखडायची. खेळ दिला की अभिनय आपोआप व्हायचा. त्या खेळांचं त्यांचं पुस्तक १९६३ मध्ये आलं आणि आजही जगभरच्या नाट्यशाळांमध्ये ते वापरलं जातं.

एवढा इतिहास पुरे. आता आपल्या हॉलमधल्या त्या बाप-लेकीकडे परत येऊ.

दोन चिठ्ठ्या, एक गाठोडं

समजा, तुमची एकांकिका ऊसतोडणीवर आहे. नगर जिल्ह्यात हा विषय कुणाला नवा नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांच्या रस्त्याला लागतात. त्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. हिशेब असा सरळ असतो.

प्रवेश असा आहे : ट्रक यायच्या आदल्या रात्री बाप सामान बांधतोय. मुलगी बारावीला आहे. तिला गावात राहून परीक्षा द्यायची आहे.

संहिता मिटा. दोघांना हॉलच्या दोन टोकांना पाठवा आणि दोन चिठ्ठ्या लिहा. एकाची चिठ्ठी दुसऱ्यानं वाचायची नाही.

बापाच्या चिठ्ठीत लिहा : ‘तू आज सकाळी दीड कोयत्याची उचल घेतलीस. तो अर्धा कोयता म्हणजे तुझी पोरगी. हे तिला अजून सांगितलेलं नाही. आज झोपायच्या आत तिला सामान बांधायला लावायचंय.’

मुलीच्या चिठ्ठीत लिहा : ‘तू परीक्षेचा फॉर्म भरलास. पैसे आईनं दिले, आण्णांना न सांगता. काहीही झालं तरी आईचं नाव तोंडातून निघता कामा नये. आज आण्णांचा होकार मिळवायचाय.’

मध्ये खऱ्या वस्तू ठेवा. एक गोधडी, दोन पातेली, दोरी, एक पत्र्याची पेटी. बापाला खरंच गाठोडं बांधायला सांगा. मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावा आणि गप्प बसा.

पहिली दोन मिनिटं भयंकर जातील, आधीच सांगते. दोघं चाचपडतील. एखाद्याला हसू येईल. दिग्दर्शकाला मध्ये तोंड घालायचा मोह होईल. घालू नका.

कारण तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला गंमत सुरू होते. बापाकडे लपवायला काहीतरी आहे, त्यामुळे तो ओरडू शकत नाही. ओरडला तर विषय निघेल आणि विषय निघाला तर तो ‘दीड’ उघडा पडेल. मुलीलाही आवाज चढवता येत नाही, कारण आवाज ऐकून आई बाहेर आली तर सगळंच फुटेल. एरवी पहिल्या वाक्यापासून भांडणारे दोघं आता भांडण टाळू लागतात. बाप दोरीची गाठ चारदा सोडून पुन्हा बांधेल. काहीच सुचलं नाही म्हणून कदाचित एवढंच विचारेल, ‘जेवलीस का?’

हे वाक्य संहितेत नाही. पण या बापाला लाज वाटतेय हे त्या दोन शब्दांत जितकं कळेल, तितकं पानभर स्वगतात कळणार नाही.

आता लगेच संहिता उघडा आणि तोच लिहिलेला प्रवेश करा. शब्द तेच : ‘उद्या पहाटे ट्रक येणार. सामान बांध.’ फक्त आता हे वाक्य लेकीच्या डोळ्यांत बघून म्हणणं बापाला जड जाईल. तो गोधडीकडे बघून म्हणेल. आणि ‘मी नाही येणार’ हे ओरडून न येता अगदी हळू, दाराकडे एक नजर टाकून येईल. एक शब्दही न बदलता प्रवेश बदलेल. इम्प्रो करायचा तो यासाठी. नवे संवाद मिळाले तर बोनस. खरी कमाई म्हणजे जुन्या संवादांच्या खाली काय दडलंय ते नटाला कळणं.

लपवलेली गोष्ट काय करते?

चिठ्ठ्यांची ही युक्ती मोठ्या पातळीवर कुठवर जाते, त्याचं एक उदाहरण ब्रिटिश दिग्दर्शक माइक ली यांचं. ते सिनेमाला तयार पटकथा घेऊन बसत नाहीत. नटांसोबत महिनोन्‌महिने इम्प्रो करत पात्रं आणि प्रसंग घडवतात. त्यांचा ‘व्हेरा ड्रेक’ हा सिनेमा २००४ मध्ये आला आणि त्याला व्हेनिसच्या महोत्सवात गोल्डन लायन मिळाला. १९५० च्या लंडनमधली एक साधी, सगळ्यांच्या मदतीला धावणारी बाई. ती गुपचूप, बेकायदा गर्भपात करून देते आणि घरच्यांना पत्ताच नाही.

तालमीत घरच्यांचं काम करणाऱ्या नटांनाही ते सांगितलेलं नव्हतं. घरातल्या आनंदाच्या प्रसंगाचा इम्प्रो सुरू असताना दारावर पोलीस आले, तेव्हा पोलीस कशाला आलेत हे त्या नटांना खरोखरच माहीत नव्हतं. ती चक्रावलेली शांतता त्यांना ‘करावी’ लागली नाही. ती झाली.

पण यातला दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. इम्प्रोमधून जे सापडतं ते ली निवडतात, घासतात, पक्कं करतात आणि मग शूट करतात. कॅमेरा सुरू होतो तेव्हा बहुतेक सगळं ठरलेलं असतं. म्हणजे मोकळं सोडणं जितकं महत्त्वाचं, तितकंच परत बांधणंही. यावर पुढे बोलूच.

त्याच प्रवेशावर आणखी चार खेळ

चिठ्ठ्या एकदाच चालतात. दुसऱ्या दिवशी दोघांनाही गुपित माहीत असतं. मग काय करायचं?

आधीचा एक तास. प्रवेश सुरू होण्याआधी पात्रं कुठं होती? बाप मुकादमाच्या ओट्यावर होता. तो प्रसंग संहितेत नाही, तरी करून बघा. मुकादम नोटा मोजतोय आणि विचारतोय, ‘पोरगी येणार ना नक्की?’ तिथं बापानं मान हलवली की नाही, किती वेळानं हलवली, हे एकदा अंगावरून गेलं की तो घरात शिरेल तेव्हा त्याची चालच वेगळी असेल.

बिनशब्दांचा प्रवेश. तोच प्रवेश, पण तोंड बंद. फक्त सामान बांधायचं. बाप एक वस्तू गाठोड्यात टाकतो, मुलगी ती काढून ठेवते. तिची पुस्तकं कुठं जाणार, गाठोड्यात की फळीवर? सगळं भांडण वस्तूंवरून करता येतं. यातून मिळालेल्या हालचाली खऱ्या असतात. ‘तू इथून तिथं जा, मग वळ’ असं सांगून बसवलेल्या हालचालींना ती सर येत नाही.

अगम्य भाषा. दोघांनी काहीच अर्थ नसलेले आवाज काढत बोलायचं. लहान मुलं खोटं-खोटं इंग्रजी बोलतात ना, तसं. स्पोलिन यांच्या खेळांपैकी हा एक गाजलेला. सुरुवातीला हसून पोट दुखेल. पण शब्द नाहीत म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा, हात, श्वास बघितल्याशिवाय काही कळतच नाही. म्हणजे ऐकणं आलंच.

अदलाबदल. बाप झालेल्यानं मुलगी व्हायचं आणि मुलगी झालेलीनं बाप. आपलं पात्रच बरोबर आहे, असं प्रत्येक नटाला वाटत असतं. दुसऱ्याच्या जागेवर उभं राहिलं की कळतं, त्याच्याकडेही कारण आहे. बाप खलनायक असेल तर एकांकिका सोपी होते. बापाचंही खरं असेल तर ती चांगली होते.

हे सगळं एकाच दिवशी करू नका. दहा मिनिटं इम्प्रो, दहा मिनिटं त्यावर बोलणं, मग वीस मिनिटं संहिता, एवढं रोज पुरतं. सुरुवात वाचनं झाल्यावर लगेच करा, संवाद पक्के पाठ व्हायच्या आत. शेवटच्या आठवड्यात नवा इम्प्रो काढू नका. तेव्हा नटांना पायाखाली घट्ट जमीन लागते.

दिग्दर्शका, जरा थांब!

इम्प्रो फसतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी.

पहिलं, नाकारणं. एक जण म्हणतो, ‘बाहेर पाऊस लागलाय बघ.’ दुसरा म्हणतो, ‘कुठंय पाऊस?’ संपलं! समोरच्यानं जे दिलं ते खरं मानायचं आणि त्यात आपलं थोडं घालायचं, हा पहिला नियम. पाऊस लागला असेल तर ट्रक उशिरा येईल का? बघा, प्रवेशाला लगेच नवी वाट मिळाली.

दुसरं, हशा. ग्रुपमधली बाकीची पोरं समोर बसलेली असतात. एक विनोद झाला, हशा पिकला की नट त्या हशाच्या मागे लागतो. म्हणून सुरुवातीचे इम्प्रो फक्त त्या दोन नटांसोबत आणि दिग्दर्शकासोबत करा. मोबाइलवर शूटिंगही नको. कॅमेरा समोर आला की माणूस पात्राऐवजी रीलसाठी वागायला लागतो. एकानं वही घेऊन बसावं, तेवढं बास.

तिसरं, दिग्दर्शकाची घाई. ‘आता रड’, ‘आता चिड’ असं बाहेरून सांगायचं नाही. सांगायचंच असेल तर छोटं आणि करता येण्यासारखं : ‘तिच्या हाताकडे बघ.’ ‘गाठ पूर्ण बांध, मग बोल.’ खेळ न थांबवता कडेनं असं बोलायची पद्धत स्पोलिन यांनीच रुळवली. आणि संपल्यावर ‘कसं केलं?’ असं विचारू नका. ‘काय झालं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नानं नट मार्कांची वाट बघायला लागतो. दुसऱ्यानं तो आठवायला लागतो.

आपली बोली आपोआप येते

इम्प्रोचा एक फायदा नगरच्या पोरांना खास होतो, तो भाषेचा. आपल्याकडची संहिता बऱ्याचदा पुस्तकी लिहिली जाते किंवा मग ‘गावरान’ म्हणून एक ठोकळेबाज भाषा वापरली जाते, जी कुठल्याच गावात कुणी बोलत नाही. पाथर्डीचा पोरगा, अकोल्याचा पोरगा आणि श्रीरामपूरचा पोरगा एकसारखं बोलत नाहीत, हे हॉस्टेलवर राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. संहिता हातात असली की तिघं एकसारखे होतात. ती मिटली की पहिल्या पाच मिनिटांत ज्याची त्याची भाषा बाहेर येते. ‘सामान बांध’चं ‘गठुडं बांध’ होतं. शब्दच काय, सूर बदलतो. कुठं थांबायचं तेही बदलतं.

लेखक तुमच्याच ग्रुपमधला असेल तर त्याला इम्प्रोला बसवाच. त्यानं बोलायचं नाही, फक्त टिपायचं. दहा मिनिटांतून दोन वाक्यं मिळाली तरी खूप झालं.

पण इथं एक धोका आहे. इम्प्रोमध्ये आपल्या आत जे असतं तेच बाहेर येतं. ऊसतोडणीबद्दल काही माहीतच नसेल तर बाहेर काय येणार? टीव्ही मालिका येणार! डोक्याला हात लावून बसलेला बाप आणि हमसून रडणारी आई. त्यामुळे इम्प्रोच्या आधी थोडा अभ्यास हवा. उचल कशी ठरते, कोपी कशी बांधतात, मोळी कशी वाहतात, पहाटे किती वाजता उठतात, हे विचारून घ्या. विचारायला लांब जायची गरज नाही. तुमच्या वर्गातच कुणाचे तरी आई-वडील आता फडात असतील.

आणि नेमकं म्हणूनच जपून. वर्गातल्या त्या मित्राला किंवा मैत्रिणीला ‘तू तर करतेस ना हे, दाखव ना करून’ असं म्हणायचं नाही. तिनं स्वतःहून सांगितलं तर ऐका. नाही सांगितलं तर तो विषय तिथंच संपला. तिचं आयुष्य म्हणजे तुमच्या तालमीचं सामान नव्हे.

फड आपलाच आहे

‘फड’ शब्द आलाच आहे तर त्याच्या दुसऱ्या अर्थाकडे येऊ. उसाचा असतो तसा तमाशाचाही फड असतो. आणि उत्स्फूर्तपणा शिकायला आपल्याला शिकागो-लंडनला जायची गरज का नाही, ते तमाशा बघितला की कळतं. गण, गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. बतावणीत सोंगाड्या आणि त्याचे साथीदार बोलत सुटतात. विषय ठरलेला असतो, पण कोणत्या गावात काय बोलायचं ते समोरची माणसं बघून ठरतं. जुन्या काळी वगालाही पानापानाची संहिता नसायची. कथा माहीत, प्रसंगांचा क्रम माहीत, गाणी पाठ. मधलं बोलणं ज्याचं त्यानं उभं करायचं. संगमनेरला कांताबाई सातारकर आणि त्यांचे चिरंजीव, सोंगाड्या म्हणून गाजलेले रघुवीर खेडकर यांचा फड सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पुढे लोकनाट्यात दादा कोंडके यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये ताज्या घडामोडींवर आयत्या वेळी शेरे मारून प्रयोग गाजवले. त्यामुळे तेच नाटक पुन्हा पुन्हा बघणारे प्रेक्षक होते.

सोंगाड्या हे सगळं करू शकतो, कारण तो सतत ऐकत असतो. ढोलकीवाल्याचं, साथीदाराचं, पब्लिकचं. पाठ केलेल्यावर तो विसंबून राहिला तर पहिल्याच गावात उघडा पडेल.

सिनेमाकडे बघा. नागराज मंजुळे यांनी नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज केलं आणि ‘पिस्तुल्या’ ही शॉर्टफिल्म त्याच शिक्षणाच्या काळातली. त्यातला सूरज पवार पुढे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मध्येही दिसला. ‘फँड्री’चा जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे आणि ‘सैराट’ची आर्ची म्हणजे रिंकू राजगुरू. दोघांनीही आधी कधी सिनेमात काम केलेलं नव्हतं, आणि दोघांच्याही कामाची राष्ट्रीय पुरस्कारांनी दखल घेतली. आपल्या श्रीगोंद्याकडच्या भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत स्पेशल ज्युरी अवॉर्ड मिळाला. हे सिनेमे आठवताना संवाद नंतर आठवतात. आधी आठवतं ते माणसांचं बघणं आणि गप्प राहणं. अभिनयाचा कोर्स केलेला नसला तरी माणूस पडद्यावर खरा वाटू शकतो, एवढं तर यातून नक्की कळतं. आपल्या तालमीतल्या फर्स्ट इयरच्या घाबरट पोरालाही ते लागू आहे.

मोकळं सोडलं, आता बांधा

तमाशात आणि आपल्या एकांकिकेत एक मोठा फरक आहे. तिथं उत्स्फूर्तपणा प्रयोगातच चालतो. आपल्याकडे तो तालमीत चालतो आणि प्रयोगाच्या आधी थांबतो. का?

एक तर तांत्रिक कारण. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि स्पर्धांच्या नियमावलीतही ते अनेकदा मागतात. प्रमाणपत्र मिळालेल्या संहितेत आयत्या वेळी वाक्यं घालणं अंगाशी येऊ शकतं. शिवाय लेखक दुसरा कुणी असेल तर त्याला न विचारता त्याचे शब्द बदलायचा हक्क आपल्याला नाही. म्हणून ‘जेवलीस का?’ हे वाक्य आवडलं असेल तर लेखकाला फोन करा. तो हो म्हणाला तर संहितेत लिहा आणि मगच ती पुढे पाठवा.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. स्पर्धेला वेळेची मर्यादा असते. लाइटवाला तुमच्या वाक्यावर बसलेला असतो, म्युझिकवाला तुमच्या वळण्यावर. तुम्ही ‘फ्लोमध्ये’ चार वाक्यं वाढवली की मागे तिघांची तारांबळ उडते आणि समोरचा नट अंधारात चाचपडतो. तालमीत मोकळं राहायचं ते प्रयोगात एकमेकांना सांभाळता यावं म्हणून.

मग पक्कं काय करायचं? वहीत रोज तीन गोष्टी लिहा. एक, आज पात्राबद्दल काय नवं कळलं (बापाला लाज वाटते). दोन, कोणती कृती ठेवायची (गाठ सोडून पुन्हा बांधणं). तीन, कोणतं वाक्य लेखकाला विचारायचं. बाकीचं सोडून द्या. काल फार भारी झालं होतं म्हणून आज तसंच्या तसं करायला गेलात, तर ते पुन्हा पाठांतरच झालं.

रडणं म्हणजे यश नव्हे

शेवटचा मुद्दा, आणि तो गमतीचा नाही. इम्प्रोमध्ये माणूस उघडा पडतो. कुणाच्या घरी खरंच भांडणं असतात, कुणाचे वडील खरंच नसतात. अशा वेळी नटाला ‘तुझं दुःख आठव आणि रड’ म्हणणं सोपं असतं आणि ते चुकीचं असतं. गुपित पात्राला द्यायचं, नटाचं काढून घ्यायचं नाही. आपण कॉलेजची पोरं आहोत. एखाद्याला आतून उसवलं तर परत शिवायचं कसं, हे आपल्यापैकी कुणीच शिकलेलं नाही.

म्हणून सुरू करायच्या आधी एक शब्द ठरवा. साधा ‘थांबा’ चालेल. तो कुणीही म्हटला की खेळ तिथंच बंद, कारण विचारायचं नाही. थोबाडीत मारणं, केस ओढणं, मिठी, ढकलणं हे ‘फ्लोमध्ये’ करायचं नाही. दोघांच्या होकारानं आधी ठरवून, संथपणे बसवून करायचं. संपल्यावर पाच मिनिटं पात्राबाहेर या. एकमेकांना खऱ्या नावानं हाक मारा, पाणी प्या, वडापाव खा. बाप झालेला मित्र आणि मुलगी झालेली मैत्रीण पुन्हा मित्र-मैत्रीण होऊनच हॉलबाहेर पडायला हवेत.

स्पर्धेत नंबर येईल की नाही, ते परीक्षक ठरवतील. पण तीन आठवडे रोज दहा मिनिटं समोरच्याचं खरंखुरं ऐकायची सवय लागली, तर ती स्टेजवरून उतरल्यावरही तुमच्याबरोबर राहील. इंटरव्ह्यूत, भांडणात, घरी जेवायला बसल्यावरसुद्धा. एवढी कमाई पदरात पडत असेल, तर आजच्या तालमीतली दहा मिनिटं तिला द्यायला काय हरकत आहे?

आज तालमीला जाताना...

- सगळी एकांकिका घेऊ नका. जो प्रवेश अडलाय तो एकच निवडा.
- प्रत्येक पात्राला दोन गोष्टी द्या : आता या क्षणी हवंय काय आणि लपवायचंय काय.
- हातांना खरं काम द्या. भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, सायकल पुसणं, काहीही.
- टायमर लावा. दहा मिनिटांच्या वर जाऊ नका.
- मोबाइल बॅगेत, वही बाहेर.
- इम्प्रो संपला की लगेच, त्याच दमात, लिहिलेला प्रवेश एकदा करा.
- ‘थांबा’ म्हटलं की थांबा.